दीडशे बारची मशीन आणि उपाशी पंप

२०२४ चा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, शनिवारी, २५ मेला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरसमोर जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात नागपूरच्या मानेवाड्याहून मावसभावाचा फोन आला. "दादा, ते गाडी धुवायचं मशीन बसलं. आवाज करते, पाणी नाही मारत. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात वॉरंटीत बसत नाही."

मी हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. पंप, व्हॉल्व्ह, सील हे रोजचं काम. त्यामुळे नात्यागोत्यात कोणाचीही मोटर जळली की फोन मलाच येतो. पण या फोननं जरा ओशाळलो, कारण मशीन घेताना त्यानं मलाच विचारलं होतं आणि मी चालत्या बसमधून सांगितलं होतं, "जास्त बारवाली घे, नंतर पस्तावायला नको." बार म्हणजे दाबाचं माप. पहिली चूक माझीच. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी घराची कल्पना देतो. खाली-वर दोन मजले, पोर्चमध्ये कोटा फरशी, गेटपर्यंत पेव्हर ब्लॉक, एक चारचाकी, तीन दुचाक्या, चार डेझर्ट कूलर. सकाळी काही वेळ नळ येतो, तो खालच्या टाक्यात पडतो आणि प्यायला, स्वयंपाकाला पुरतो. बाकी सगळं बोअरवर. बोअरचं पाणी गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत चढतं आणि तिथून पोर्चच्या तोटीला उतरतं. हे पाणी जड आहे हे सांगायला टेस्ट किट लागत नाही. सीझन संपल्यावर कूलरचा ट्रे बघितला की पुरे, बोटभर पांढरा थर असतो.

मशीन घेतली होळीच्या आधी, ऑनलाइन, ७,८०० रुपयांना. पेटीवर मोठ्या अक्षरांत १५० बार, त्याखाली १८०० वॅट, आणि बारीक अक्षरांत ताशी ४८० लिटर. धुळवडीच्या संध्याकाळी पोर्चवरचा रंग तिनं असा उडवला की शेजारची पोरं बघायला जमली. एप्रिलभर हौसेनं चालली: गाडी, गेट, कंपाउंडची भिंत, पेव्हरच्या फटीतलं काळं. मे महिन्यात कुरबुर सुरू झाली. दाब येई-जाई, पाणी उचकी लागल्यासारखं धक्क्याधक्क्यानं येई. मग दहा-बारा मिनिटांत मोटर आपोआप बंद पडायला लागली. भाऊ पाच मिनिटं थांबायचा, परत चालू करायचा, परत बंद. मग खालून पाणी टपकायला लागलं आणि शेवटी नुसती करकर. सर्व्हिस सेंटरच्या माणसानं दहा मिनिटांत निकाल दिला: "पाण्याशिवाय चालवली आहे, पंप सेट बदलावा लागेल, ४,२०० रुपये." कंपनीचं नाव घेत नाही. निकाल उद्धटपणे दिला, पण पूर्ण चुकीचा नव्हता, हे पुढे कळलं.

भावाचं म्हणणं एकच होतं: "दादा, तोटी पूर्ण उघडी होती. पाण्याशिवाय कशी चालवीन मी?"

बादली आणि घड्याळ

मी मशीन उघडायच्या आधी रंगाची रिकामी २० लिटरची बादली मागितली. ज्या हिरव्या पाइपनं मशीनला पाणी जात होतं, त्याच पाइपचं तोंड बादलीत सोडलं आणि मोबाइलवर वेळ लावली. बादली भरायला ४ मिनिटं ४० सेकंद लागली. म्हणजे मिनिटाला साधारण ४.३ लिटर.

आता मशीनला किती हवं? ताशी ४८० म्हणजे मिनिटाला ८ लिटर, हा कमाल आकडा. प्रत्यक्ष काम करताना असा पंप सहाच्या आसपास घेतो. माहितीपुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिलेलं होतं की तोटीतून मिनिटाला किमान ८ लिटर यायला हवेत. ती पुस्तिका पेटीतच, न फाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत होती.

पंपाला हवं सहा, मिळतं सव्वाचार. उरलेली जागा तो कशानं भरणार? पाइपच्या सांध्यातून मिळेल ती हवा ओढतो, नाहीतर आत पोकळी पडून पाण्यातच वाफेचे बुडबुडे होतात. हे बुडबुडे दाबाखाली आले की फुटतात, आणि त्या प्रत्येक फुटण्याचा घाव सीलवर, व्हॉल्व्हवर, पिस्टनवर बसतो. बाहेर आपल्याला ऐकू येते ती उचकी. कारखान्यातल्या मोठ्या पंपांना हीच गत होते, आणि तिथे आम्ही आवाजावरून ओळखतो: पंपात कोणी मूठभर गिट्टी टाकल्यासारखं वाजतं. भावाच्या मशीनची करकर तीच होती.

तोटी पूर्ण उघडी असून पाणी कमी का? गच्चीवरच्या टाकीचं तळ पोर्चपासून सात-साडेसात मीटर वर. दर दहा मीटरला एक बार धरला तर पाऊण बारच्या आत दाब. तेवढाही चालला असता, पण गच्चीवरून उतरणारी अर्ध्या इंचाची जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन क्षारानं आतून भरत आली होती. त्यावर पुढे पंधरा मीटर मऊ हिरवा पाइप. मशीन चालू असताना मी तो बघितला, तर तुळशीजवळच्या वळणावर तो चिमटीत धरल्यासारखा चपटा झाला होता. पंप ओढत होता आणि पाइपच मिटत होता.

पाण्याचा ताप

याच बादलीत मी हात घातला आणि काढून घेतला. दुपारचे तीन वाजले होते. माझ्या बॅगेतला थर्मामीटर ४७ अंश दाखवत होता. नागपूरकराला यात नवल नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यानं कोणी तोंड धूत नाही, आंघोळीचं पाणी सकाळीच काढून ठेवतात. शहराची उच्चांकी नोंदच ४७.९ अंशांची आहे, २३ मे २०१३ ची. २०२४ च्या त्याच आठवड्यात एका स्वयंचलित केंद्रानं तर ५६ अंश दाखवले होते. हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण दोन दिवस अख्ख्या गावानं त्या आकड्यावर विश्वास ठेवला होता, यातच काय ते आलं.

मशीनच्या मागे, चाकाजवळ, एक स्टिकर होतं. आत येणाऱ्या पाण्याचं कमाल तापमान ४० अंश. घरगुती मशीनवर बहुतेक हाच आकडा असतो. ज्या देशांत या मशीनचा जन्म झाला तिथे तोटीतून सहसा चाळीसचं पाणी येत नाही, म्हणून ही ओळ कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. पुस्तिकेत पाणी गोठण्यापासून पंप कसा वाचवावा यावर मात्र अख्खं पान होतं! आमच्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये पारा साडेतीनपर्यंत उतरला होता, पण पंप गोठल्याचं कोणाकडून ऐकलं नाही.

गरम पाणी तीन बाजूंनी मारतं. सील कडक होतात. बुडबुडे लवकर धरतात. आणि जड पाण्यातला चुना तापल्यावर बाहेर पडून बसतो, गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच. त्यात हवाच ४४-४५ अंशांची, आणि मोटर थंड होते ती त्याच हवेनं. दहा मिनिटांत मोटर बंद पडत होती ती बिघाडामुळे नव्हे, फार तापली की मोटर बंद करणारा आतला थर्मल कटआउट तिला वाचवत होता. भाऊ दर पाच मिनिटांनी त्याला खोटं पाडत होता.

विजेकडेही बघितलं. मशीन कूलरच्या सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालवली जात होती. १८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ७.८ अँपिअर. प्लगच्या पिना तपकिरी झाल्या होत्या. शेजारीपाजारी सगळे कूलर-एसी चालू, घरातच २०८ व्होल्ट आणि वायरच्या टोकाला १९८. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हे चालायचं आणि घराला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण, नव्हतं. पंपाचं पुढे काय व्हायचं ते होवो, मी आधी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. पोर्चमध्ये सोळा अँपिअरचा सॉकेट आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, हे त्याच आठवड्यात झालं.

इतवारीत

पंप मी घरी नेऊन उघडला. तोंडाशी असलेली बारीक जाळी अर्धी पांढरी. तीन पिस्टनपैकी एकाचं सील कडेनं फाटलेलं, दोन कडक. आत येण्याच्या व्हॉल्व्हवर चुन्याची खपली, त्यामुळे तो पूर्ण मिटत नव्हता. एक दोष ट्रिगर सोडल्यावरही दिसायचा: मशीन बंद होऊन मधूनच क्षणभर घरघरायची. दाब कुठूनतरी गळतो आहे याची ती खूण असते. मोटर युनिव्हर्सल जातीची, म्हणजे मिक्सरसारखी, कार्बनवाली. कार्बन बराच झिजलेला.

ओ-रिंग (रबरी कड्या) आणि सील शोधायला इतवारीत लोहाओळीला गेलो. तिथून एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं, मोटर भरायचं त्यांचं छोटं दुकान. त्यांनी फाटलेलं सील अंगठ्यावर घेऊन बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, मशीन पाण्याची आहे. तुम्ही त्याले हवा पाजून राहिले." कारखान्यात आम्ही यावर दोन पानांचा अहवाल लिहिला असता.

सील, ओ-रिंग, कार्बन आणि त्यांची मजुरी मिळून १,४०० रुपये झाले. व्हॉल्व्हवरची खपली मी लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात भिजवून सोडवली. पंप उघडून सुटे भाग भिजवणं वेगळं आणि चालू मशीनमधून ॲसिड फिरवणं वेगळं. चालू मशीनमधून ॲसिड कोणीही फिरवू नये, रबर आणि ॲल्युमिनिअम दोन्ही जातात.

पेटीवरचे तीन आकडे

मी "जास्त बार" म्हणालो होतो त्याचा हिशेब इथेच मांडतो. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००, म्हणजे पाण्याला लागणारे किलोवॅट. १५० गुणिले ८ भागिले ६०० म्हणजे २ किलोवॅट. आणि मोटर किती? १.८. मोटर जितकी वीज खाते त्यापेक्षा जास्त ताकद पाण्याला देऊ शकत नाही. म्हणजे १५० बार आणि ८ लिटर एकाच वेळी मिळणं शक्य नव्हतं. कंपनी अगदीच खोटं बोलत नव्हती. दोन्ही आकडे कमालच आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळचे. चालताना मिळतो तो दाब शंभर-एकशेदहाच्या घरात, आणि घराला तेवढा भरपूर होतो. पेटीवर "कमाल" आणि "कामाचा" असे दोन दाब दिलेले असतील तर दुसरा बघायचा. एकच असेल तर तो कमालच समजायचा.

मग आज मला कोणी विचारलं तर? महिन्यातून एकदा गाडी आणि वर्षातून दोनदा पोर्च, एवढंच काम असेल तर कार्बनवाली मोटर चालते. हलकी असते, स्वस्त असते, कर्कश असते, वीस-पंचवीस मिनिटांनंतर तिला विसावा द्यावा लागतो. दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास काम असेल तर इंडक्शन मोटर, म्हणजे बिनकार्बनची, घ्यावी. किंमत दीडपट-दुप्पट, वजन एवढं की जिन्यावरून एकट्यानं नेताना कंबर बोलते, पण आवाज कमी आणि आयुष्य मोठं. मात्र व्होल्टेज पडत असेल तर हीच मोटर सुरू व्हायला कुरकुरते, हेही धरून चालायचं. पंपाचं डोकं धातूचं आहे की प्लास्टिकचं, सील किट सुटं मिळतं का, गावात दुरुस्त करणारा कोणी आहे का, हे प्रश्न बारच्या आधीचे. आणि त्याही आधी बादली-घड्याळ, तेही विकत घ्यायच्या आधी. आम्ही उलट्या क्रमानं केलं.

या मशीननं पाण्याची बचत होते असंही लोक म्हणतात. अर्धवट खरं आहे. मिनिटाला सहा लिटर हे उघड्या पाइपपेक्षा नक्कीच कमी, पण पंधरा मिनिटं गाडीशी खेळत बसलं तर ९० लिटर गेले. मावशी दोन बादल्यांत आणि एका जुन्या बनियनमध्ये तीच गाडी पुसून काढते.

ड्रम

खरा तोडगा मशीनमध्ये नव्हता. पोर्चच्या ओट्यावर, कडुनिंबाच्या सावलीत, दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवला. मशीन ओट्याखाली. ही मशीन टाकीतून पाणी ओढू शकते असं पुस्तिकेत होतं (सगळ्या ओढत नाहीत, विचारून घ्यावं). पाऊण इंची, जाळीचा कडक पाइप घेतला, जो ओढताना मिटत नाही. त्याच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी परत उतरू न देणारा) आणि गाळणी, आणि ते टोक तळापासून चार बोटं वर बांधलं, म्हणजे गाळ वर येत नाही. पाइप आधी पाण्यानं भरायचा, मग मशीनला जोडायचा. ट्रिगर दाबून धरायचा, हवा निघून पाण्याची सलग धार आली की मगच स्विच. भाऊ उलट करायचा, ट्रिगर सोडलेला आणि स्विच चालू.

ड्रमच्या आतल्या बाजूला वीतभर उंचीवर मी लाल ऑइलपेंटनं रेघ मारली. पाणी तिथे आलं की मशीन बंद. वरून रेघेपर्यंत साधारण दीडशे लिटर, म्हणजे पंचवीस मिनिटांचं काम. मोटरला विसावा कधी द्यायचा हे घड्याळात बघावं लागत नाही, ड्रम सांगतो.

ड्रममध्ये पाणी कुठलं, यावर मात्र घरात वाद झाला. मला नळाचं हवं होतं, पेंच-कन्हानचं, बोअरपेक्षा बरंच मऊ. मावशी म्हणाली, "बेटा, प्यायचं पाणी गाडीवर ओततोस? आमच्या कॉलनीत टँकर येत होता ते दिवस विसरला का?" उत्तर नव्हतं. भाऊ म्हणाला, आरओचं वाया जाणारं पाणी साठवू. तो विचार बरा वाटतो पण उलटा आहे, आरओ जे क्षार गाळतो ते सगळे त्याच पाण्यात असतात. शेवटी ठरलं ते असं: एप्रिल-मेमध्ये मशीन काढायचीच नाही, कूलर धुवायचे ते मार्चमध्ये. जूनच्या शेवटी पाऊस लागला की गच्चीचा पाइप ड्रममध्ये सोडायचा. पावसाच्या पाण्याइतकं मऊ पाणी विकतही मिळत नाही, आणि पोर्चवर शेवाळ धरतं ते तेव्हाच. अगदी अडलं तर बोअरचं, पण रात्री ड्रम भरून पहाटे वापरायचं. पहाटे सहाला त्याच ड्रममध्ये ३१ अंश होते.

कूलरचं सांगायचं राहिलं. ट्रेमधला गाळ, शेवाळ, धूळ मशीननं झटक्यात निघते, पण पांढरा थर धारेनं निघत नाही. तो लिंबूसत्वानं भिजवून खरवडावा लागतो. आणि कूलरच्या बाजूंच्या वुडवूलच्या ताट्या मशीनपुढे धरू नयेत. भावानं एक धरली होती, तिचा भुसा बोगनवेलीवरून आठवडाभर झडत होता.

वापर झाल्यावरचं काम पाच मिनिटांचं आहे. पाणी बंद, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडणं, काही सेकंद मशीन चालवून पंपातलं पाणी काढणं, प्लग काढणं. तोंडाची जाळी धुणं. नोझलमध्ये बारीक कण अडकला असेल तर सोबत मिळालेली सुई. जोडांच्या ओ-रिंगला महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीसचं बोट. साधं ग्रीस किंवा खोबरेल नाही. होज गुंडाळताना मोडू द्यायची नाही. आणि मशीन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची नाही. भावाची तिथेच होती, त्या भट्टीत.

धारेपुढे हातपाय आणू नयेत हे पोरांना वेगळं सांगितलं. शंभर बारची बारीक धार कातडीत शिरू शकते, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत पाणी पसरलेलं असतं. ते घरी हळद लावण्याचं प्रकरण नाही, थेट दवाखाना.

एक नुकसान मात्र दुरुस्त झालं नाही. एप्रिलमध्ये भावानं हौसेनं तुळशी वृंदावनही धुतलं होतं, फिरत्या नोझलनं, वीतभर अंतरावरून. त्यावर मावशीनं लग्न होऊन आली त्या वर्षी गेरूवर चुन्यानं काढलेलं स्वस्तिक होतं. दरवर्षी ती त्याच रेघांवरून हात फिरवायची. रंगाचे थर पापुद्र्यासारखे उडाले आणि खाली करडं सिमेंट निघालं. मावशी त्याला काही बोलली नाही. तुळशीच्या लग्नाआधी तिनं नवीन गेरू लावला आणि स्वस्तिक नव्यानं काढलं, जरा थरथरत्या हातानं. त्यानंतर वृंदावनाभोवती दोन हातांवर विटांची एक ओळ आली आहे, मशीन तिच्या आत जात नाही.

२०२५ च्या होळीत मशीन परत निघाली. जाळी धुतलेली, ओ-रिंग मऊ, उचकी नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी समोरचे काका मागायला आले, दोन तासांसाठी. भाऊ उचलून द्यायलाच निघाला होता. मावशी आतूनच ओरडली, "मशीन न्या बापा, पण ड्रमही न्या. त्याच्याशिवाय ती आमच्या घरून हलत नाही."